भोक आधी, आकार नंतर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. घरामागच्या शेडमध्ये वडिलांचे चार माग आहेत, टॉवेलचे. त्यातल्या सगळ्यात जुन्या मागाच्या टेक-अपचा, म्हणजे विणलेलं कापड पुढं ओढणाऱ्या रॅचेटचा (दातेरी चाकाचा) पॉल, त्या चाकाचे दात ढकलणारी खिट्टी, तुटला. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा होता, मधोमध गेला. त्या बनावटीचा पॉल आता दुकानात मिळत नाही आणि एका नगासाठी कोणी साचा करून ओतून देत नाही. म्हणून तू ६ मिमी जाडीच्या लोखंडी पट्टीतून हॅक्सॉ आणि कानशीनं स्वतःच एक पॉल घडवलास. भोक मिलिमीटरभर सरकलं, कडा गोल झाल्या, दोन ब्लेडं तुटली. एवढं करून बसवला तर आठ दिवसांत टोक झिजलं आणि कापडात जाड पट्टे पडायला लागले. आता विचारतेस, "काका, लेथ आणि ग्राइंडर घ्यावाच लागेल का? की हातानं हे होतच नाही?"

होतं की! मिलच्या मेकॅनिक खात्यात मी ३१ वर्षं काढली. हे असले पॉल, लिव्हर, ब्रॅकेट आम्ही वाईसवर, म्हणजे काम घट्ट धरणाऱ्या पकडीवरच करायचो. लेथवर गोल वस्तू होते, आणि तुझा पॉल गोल नाही. ग्राइंडर घेतलास तर काम लवकर बिघडेल, एवढाच फरक.

तू पाठवलेल्या वर्णनावरून तुझी मोठी चूक हाताची नाही, क्रमाची आहे. तू आधी पॉलचा सगळा आकार कापलास, डोळ्याकडचा, म्हणजे पॉल ज्या पिनीवर फिरतो तिच्या भोकाकडचा भाग छान गोल घासलास आणि शेवटी त्या गोलाच्या मधोमध भोक पाडायला बसलीस. नवीन माणूस बहुतेक असंच करतो, कारण चित्र काढताना आपण आधी बाहेरची रेघ काढतो. धातूत उलटं चालतं. कड कानशीनं हवी तेवढी आत घेता येते. भोक एकदा पडलं की ते जिथं पडलं तिथं. म्हणून पट्टी अजून मोठी, चौकोनी आणि वाईसमध्ये घट्ट धरता येण्यासारखी असतानाच भोक पाडायचं. त्यानंतर सगळी मापं पट्टीच्या कडेपासून न घेता त्या भोकापासून घ्यायची. भोक अर्धा मिलिमीटर इकडं तिकडं झालं तरी मग काही बिघडत नाही. आखलेला आकारच त्याच्याबरोबर सरकतो.

पॉलमध्ये खरं महत्त्वाचं माप एकच आहे: भोकाच्या मध्यापासून टोकाच्या धारेपर्यंतचं अंतर. बाकी पाठ किती बाकदार, कंबर किती बारीक, याला फार किंमत नाही. तुटलेल्या पॉलचे दोन्ही तुकडे सपाट काचेवर जुळवून ठेव आणि हे अंतर मोज. मोजताना जुनं टोक झिजलेलं आहे हे विसरू नकोस. नवं माप मिलिमीटर-दीड मिलिमीटर वाढवून धर. जास्तीचं मागावर बसवताना घासून काढू. कमी पडलं तर मात्र सगळं पहिल्यापासून.

आखणीकडे वळू. उजळ लोखंडावर पेन्सिल दिसत नाही आणि मार्करची रेघ अर्धा मिलिमीटर जाड होते. आमच्याकडे यावर जुना इलाज आहे तो मोरचुदाचा. द्राक्षबागेवर बोर्डो मिश्रण मारायला जो मोरचूद वापरतात तोच. शेतीऔषधांच्या कुठल्याही दुकानात मिळतो. चमचाभर मोरचूद पाण्यात विरघळव, पट्टी पॉलिश पेपरनं घासून स्वच्छ कर, साबणानं धू म्हणजे तेलाचा अंश जाईल, आणि कापसाच्या बोळ्यानं ते निळं पाणी लाव. लोखंड स्वतः विरघळून पाण्यातलं तांबं बाहेर काढतं आणि पट्टीवर तांब्याचा लालसर पातळ थर बसतो. सुकल्यावर त्यावर टोकदार पोलादी सुईनं रेघ मारली की लाल पाटावर रुपेरी केसासारखी रेघ उमटते. ती हातानं पुसत नाही, तेलानं जात नाही. मोरचूद विषारी आहे, तेव्हा स्वयंपाकाची वाटी वापरायची नाही आणि पोरांच्या हाताला लागेल असा ठेवायचा नाही. वाईसवर, गुण्यावर (काटकोन बघायच्या पट्टीवर), स्केलवर सांडू देऊ नकोस, तिथंही तांबं धरतं आणि नंतर गंज येतो.

पट्टीची एक लांब कड आधी सरळ कर. तीच आपली पायाची कड, सगळ्या रेघा तिच्यावर गुण्या टेकवून मारायच्या. भोकाच्या जागी दोन रेघा एकमेकींना छेदतील, त्या छेदावर आधी बारीक टोकाच्या पंचानं हलकी टिंब मार. भिंगातून बघ. छेदाच्या बाहेर गेली असेल तर पंच तिरका धरून हळूच ठोकून तिला परत आत आण. जागेवर आली की मग ९० अंशांच्या सेंटर पंचानं एकच खणखणीत ठोका. त्याच मध्यावरून डिव्हायडरनं ८ मिमी व्यासाचं वर्तुळ काढ, तुझी पिन ८ मिमीची आहे म्हणून. वर्तुळावर चार बाजूंना चार बारीक टिंब दे. यांना आम्ही साक्षीदार म्हणायचो. भोक पाडून झाल्यावर चारही टिंब अर्धी अर्धी कापलेली दिसली तर भोक जागेवर आहे. एक पूर्ण दिसतंय आणि समोरचं गायब झालंय, तर कुठं आणि किती सरकलं ते तेच सांगतात.

हातातली ड्रिल मशीन चालेल. एकदम ८ मिमीचं ड्रिल लावायचं नाही. ड्रिलच्या अगदी मधल्या टोकाला धार नसतेच, ते धातूला कापत नाही, नुसतं रेटतं. त्यामुळं मोठं ड्रिल सुरुवातीला भटकतं. तुझं नेमकं तिथंच सरकलं असणार. आधी ३ मिमी, मग ६, मग ८. वेगाचा अंदाज असा ठेव: साध्या लोखंडाला ३ मिमीच्या ड्रिलला मिनिटाला २६०० फेऱ्यांपर्यंत चालतं, ८ मिमीला १००० च्या आसपास. घरातल्या मशीनला बटण कमी दाबून वेग उतरवता येतो, तो उतरव. लोक मोठं ड्रिल वेगात फिरवतात, ते लाल होतं, धार जाते, आणि मग "ड्रिल खराब निघालं" म्हणतात. थेंब थेंब तेल सोडत राहा. सुरुवातीला नुसती खोलगट वाटी पडेल एवढंच ड्रिल लाव आणि थांबून साक्षीदार बघ. सरकलं असेल तर आत्ताच दुरुस्त होतं. ज्या बाजूला न्यायचं आहे त्या बाजूच्या भिंतीवर बारीक गोल तोंडाच्या छिन्नीनं एक चर पाड, ड्रिल आपोआप तिकडं ओढलं जातं. पूर्ण आत गेल्यावर मात्र काही करता येत नाही.

पट्टी हातात धरून भोक पाडायचं नाही. ६ मिमीचं ड्रिल पलीकडं बाहेर पडताना शेवटच्या क्षणी अडकतं आणि पट्टी पंख्यासारखी फिरते. वाईसमध्ये धर, खाली लाकूड दे. हातमोजेही घालायचे नाहीत, मोजा ड्रिलमध्ये गुंतला तर बोटासकट जातो. ओढणी, मोकळे केस, बांगड्या, सगळं आवरून बस. डोळ्यांवर चष्मा हवाच.

आता कापणं. ब्लेडं का तुटली ते इथून सांगता येतं. ब्लेड सैल असलं की ते वाकतं, वाकलं की रेघ सोडतं, मग आपण मनगटानं ते ओढून रेघेवर आणायला बघतो आणि ते तुटतं. खटकन आवाज येईल इतकं ताण. दात पुढच्या दिशेला, हँडलपासून लांब. इंचाला किती दात ते ब्लेडवर छापलेलं असतं. नियम एवढाच, की एका वेळी कमीत कमी तीन दात धातूवर टेकले पाहिजेत. तुझ्या ६ मिमी पट्टीला १८ किंवा २४ दात चालतील, पातळ पत्र्याला ३२. मिनिटाला ४०-५० खेपा, ब्लेडची पूर्ण लांबी वापरून, परत येताना दाब सोडून. अर्ध्यात ब्लेड तुटलं तर नवं ब्लेड जुन्याच खाचेत घालू नकोस. नव्याचे दात जास्त फाकलेले असतात, ते जुन्या अरुंद खाचेत चेपून लगेच जातात. पट्टी उलटी करून दुसऱ्या बाजूनं सुरू कर. रेघेच्या बाहेर एक मिलिमीटर ठेवून काप, कानशीला खायला काहीतरी राहिलं पाहिजे. आतल्या बाकाला करवत वळत नाही, तिथं रेघेच्या बाहेरून ३ मिमीची भोकं ओळीनं जवळ जवळ पाड आणि मधले पडदे छिन्नीनं तोड.

हे सगळं झालं की खरं काम सुरू होतं, ते कानशीचं, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

आयटीआयत फिटरला घेतलं की पहिले कित्येक आठवडे कानस सोडून काही हातात देत नाहीत. एक लोखंडी ठोकळा, एक कानस, एक गुण्या. ठोकळा सपाट कर, मग दुसरी बाजू तिला काटकोनात कर. मला तेव्हा वाटायचं, हे काय, पोरांना कामाला लावून ठेवलंय. माझा ठोकळा प्रत्येक वेळी मधून फुगीर यायचा, मास्तर त्याला "उंटाची पाठ" म्हणायचे. तू म्हणतेस ना कडा गोल झाल्या, तीच ही उंटाची पाठ, आणि तिच्यामागं साधा हिशोब आहे. कानस म्हणजे एक तराजू आहे. पट्टी हा त्याचा टेकू. खेप सुरू होताना कानशीचा पुढचा टोकाकडचा भाग आखूड असतो आणि हँडलकडचा लांब. खेप संपताना उलटं. दोन्ही हातांचा दाब सगळ्या खेपेत सारखा ठेवला तर तराजू आधी तुझ्याकडं कलतो आणि मग समोर कलतो, दोन्ही कडा खाल्ल्या जातात आणि मध्य उरतो. म्हणून सुरुवातीला डाव्या, पुढच्या हाताचा दाब जास्त. मध्यावर दोन्ही सारखे. शेवटी उजव्या, मागच्या हाताचा जास्त. हे वाचून येत नाही, पण डोक्यात असलं की शंभर-दोनशे खेपांत हाताला कळतं.

उभं राहण्यालाही महत्त्व आहे. वाईसचा जबडा तुझ्या कोपराच्या उंचीला हवा. खाली बसून, पाटावर वाईस ठेवून घासशील तर कानस सरळ जाणारच नाही. डावा पाय पुढं, उजवा मागं, आणि हालचाल मनगटातून न होता खांद्यातून आणि थोडी कमरेतून. सावकाश, मिनिटाला पन्नासेक खेपा पुष्कळ झाल्या. कानस फक्त पुढं जाताना कापते. मागं येताना दाब देऊन ओढलीस तर दातांची टोकं झिजतात, काम काही होत नाही.

कानशी कुठल्या घ्यायच्या? एक १० इंची बस्टर्ड (जाड दातांची) चपटी, एक ८ इंची सेकंड कट (मध्यम), एक ६ इंची स्मूद (बारीक), एक अर्धगोल, एक गोल. चपट्यातली एक अशी बघून घे जिच्या एका कडेला दात नसतात. कोपऱ्यात घासताना ती कोरी कड शेजारच्या बाजूला खात नाही. नवी कानस मिळाली की आधी काही दिवस पितळेवर वापर आणि मग लोखंडावर. हा जुना रिवाज आहे आणि त्यात तथ्य आहे, कारण कोऱ्या दातांची अणकुचीदार टोकं लोखंडावर लगेच मोडतात. उलट मात्र नाही, लोखंडाला बोथट झालेली कानस पितळेवर नुसती घसरते. दात भरू नयेत म्हणून खडू घास. शाळेतला पांढरा खडू. चुरा दातांत अडकून बसत नाही आणि त्यानं पडणारे खोल ओरखडे टळतात. तारेच्या ब्रशनं दातांच्या दिशेनं झाडत जा. कानशी एकीवर एक डब्यात टाकायच्या नाहीत, दोघीही कडक, एकमेकींचे दात पाडतात.

आणि हँडल. कानशीला हँडल बसवल्याशिवाय एक खेपही मारायची नाही. माझ्या उजव्या तळहातावर अंगठ्याच्या बुडाशी अजून व्रण आहे. पहिल्याच वर्षी, हँडल फुटलं होतं, म्हटलं दोन मिनिटांचं काम आहे. कानस कडेला अडकली, हात तसाच पुढं गेला आणि मागचं शेपूट मासात शिरलं. आठवडाभर डाव्या हातानं जेवलो. मक्याच्या कणसाचा वाळका बुरकुंडा ठोकून बसवला तरी चालतो, पण काहीतरी हवं.

घासलेल्या जागेवरून हात फिरवून बघायची सवय सगळ्यांना असते. बोटाचं तेल लागलं की त्या जागेवर कानस घसरते, कापत नाही. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर असताना तर घामानं हे फारच होतं, वर रात्रीत गंज धरतो. म्हणून हे काम पहाटे कर. बघायचं ते उजेडाकडं धरून, गुण्याची पट्टी टेकवून, खालून उजेड किती आणि कुठं येतो ते बघ. सपाट बाजू तपासायची असेल तर टेबलावरच्या जाड काचेवर काजळी आणि गोड्या तेलाचा पातळ लेप लाव. कापूर जाळून वाटीवर धरलेली काजळी उत्तम. त्यावर तुकडा हलकेच सरकव. जिथं काळं लागलं तो उंचवटा, फक्त तेवढंच घास, पुन्हा टेकव. आम्ही यासाठी शेंदूर-तेल वापरायचो, पण शेंदूर म्हणजे शिसं, तो आता नको. काळे ठिपके सगळीकडं पसरलेले दिसायला लागले की बाजू सपाट झाली. शेवटी कानस आडवी, दोन्ही टोकांना धरून, पट्टीच्या लांबीनं ओढत आण. त्यानं आडवे ओरखडे जातात आणि कड आरशासारखी सरळ येते.

डोळ्याचा गोल भाग भोकाशी एककेंद्री कसा करायचा, याला एक सोपी युक्ती आहे. हव्या त्या बाहेरच्या व्यासाचे दोन वॉशर घे, भोकातून बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी आवळ, आणि वॉशर ही रेघ समजून कानस फिरव. कडक केलेले पोलादी वॉशर असतील तर कानस त्यांच्यावर पोहोचताच घसरते आणि तुला आपोआप थांबवते. साधे असतील तर वॉशरवर चमक दिसायला लागली की थांब. पहिल्याच प्रयत्नात लेथवर केल्यासारखा गोल येतो. भोक आधी पाडल्याचा हाही फायदा.

आता झिजण्याचा प्रश्न, आणि यात दोष तुझा नाही, मालाचा आहे. बाजारात पट्टी म्हणून मिळतं ते माइल्ड स्टील. त्यात कार्बन फार थोडा, शेकडा ०.२ च्या आसपास. त्याला लाल करून पाण्यात बुडवलं तरी ते कडक होत नाही. शेजाऱ्यानं तुला "पाणी दे, कडक होईल" सांगितलं ते या पट्टीला लागू नाही. मिनिटाला शंभराच्या वर पिका, म्हणजे आडव्या धाग्याच्या खेपा, पडणाऱ्या मागावर त्या टोकाला प्रत्येक पिकेला रॅचेटचा दात ढकलायचा असतो. मऊ टोक चेपतं, गोल होतं, मग एखाद्या वेळी दातावरून निसटतं. तेवढा वेळ कापड जागेवर थांबतं, पण आडवा धागा नेणारा धोटा थांबत नाही. बाणा, म्हणजे तो आडवा धागा, बाण्यावर पडतो, तो तुझा जाड पट्टा.

तेव्हा दुसरा पॉल पोलादाचा कर. टेम्पोच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा भंगारात मिळतो, किंवा जुनी बोथट चांगल्या बनावटीची कानस. स्वस्त कानशीतल्या काही फक्त वरवर कडक केलेल्या असतात, त्या नकोत. दोन्ही माल जसे आहेत तसे कापले जाणार नाहीत, आधी मऊ करावे लागतात. लाल करून राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर ठेवायचे, जितकं सावकाश गार होईल तितकं मऊ. दोन खोल्यांच्या घरात भट्टी पेटवायचा विचारही करू नकोस. विळे-खुरपी करणाऱ्या लोहाराकडे जा. भात्यावर त्याचं पाच मिनिटांचं काम आहे, राखेचा डबा तू घेऊन जा. मात्र जस्ताचा मुलामा असलेला, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड तुकडा कधीही भट्टीत टाकू देऊ नकोस. जस्ताच्या पांढऱ्या धुरानं थंडी-ताप भरतो.

कानशीतून करणार असशील तर तिचे जुने दात बुडापासून पूर्ण घासून काढ. एखादी खाच राहिली तर कडक करताना तिथूनच तडा जातो. मग वरचाच सगळा क्रम: भोक, आखणी, कापणं, घासणं. मऊ असतानाच सगळं पुरं करायचं, मागावर बसवून बघायचं, आणि शेवटी परत लोहाराकडे.

कडक करताना पॉलचं पुढचं अर्ध तांबडं होईपर्यंत तापवायचं. किती तांबडं, हे उन्हात कळत नाही, सावलीत बघ. खात्रीसाठी जुन्या स्पीकरचं चुंबक तारेला बांधून जवळ ने. लोखंड ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला दाद देणं सोडतं, त्याच्या किंचित वर गेलं की झालं. मग तेलात बुडवायचं, पाण्यात नाही. पाण्यात जास्त कडक होतं हे खरं, पण एवढ्या बारीक तुकड्याला तडा जायची भीती जास्त. वापरलेलं तळणाचं करडईचं तेल चालतं, हाताला कोमट लागेल एवढं गरम केलेलं. लोखंडी डब्यात, झाकण हाताशी, उघड्यावर. पेटलं तर झाकण टाकायचं, पाणी ओतायचं नाही. कडक झालं का हे कानस लावून बघ, काचेवरून गेल्यासारखी घसरली पाहिजे.

अशा अवस्थेत पॉल बसवलास तर पहिल्या तासात टोक तुटून पडेल, कारण आता ते काचेसारखंच ठिसूळ आहे. त्याचा ताठा थोडा उतरवावा लागतो, आणि हे घरी गॅसवर होतं. टोक पॉलिश पेपरनं चकचकीत कर. जाड लोखंडी तव्यावर पॉलची भोकाकडची बाजू ठेव, टोक तव्याच्या बाहेर. मंद आच. थोड्या वेळानं उजळ भागावर रंग सरकायला लागतील, भोकाकडून टोकाकडं: आधी फिकट गवती, मग गडद पिवळा, तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. टोक तपकिरीतून जांभळ्याकडं जायला लागलं, साधारण २६०-२७० अंशांना, की उचलून तेलात टाक. भोकाकडचा भाग तोवर निळा झालेला असतो, म्हणजे तिथं तो चिवट राहतो आणि टोकाला कडक. एवढं साधलं की काम फत्ते. रंग पुढं निघून गेला तर परत मागं येत नाही, पुन्हा लाल करून पहिल्यापासून करावं लागतं. माझे पहिले दोन असेच गेले.

बसवताना माग बंद, मोटरचा पट्टा काढलेला. हातानं चाक फिरवत एकेक पिक बघ. पॉल रॅचेटच्या दाताच्या बुडापर्यंत पूर्ण बसला पाहिजे, नुसता शेंड्यावर नाही, आणि मागं येताना पुढच्या दातामागं अगदी थोडा पल्ला राखून पडला पाहिजे. टोक लांब असेल तर तो दाताच्या पाठीवरच टेकून राहतो. तिथंच ते मिलिमीटरभर जास्तीचं घासून काढायचं. ही घासणी कडक करण्याआधी, हे परत सांगतो, कारण नेमकं हेच लोक विसरतात. टोकाचा कोन जुन्या पॉलवरून न घेता रॅचेटच्या दातावरून घे. दाताला काजळीचं बोट लाव, पॉल टेकव, टोकाच्या पूर्ण रुंदीवर काळं लागेपर्यंत घास.

खर्चाचं विचारलंस. ४ इंची वाईस ही एकच वस्तू नवी आणि चांगली घे, बाकी हळूहळू. वाईस ओट्यावर बसवू नकोस, शहाबादी फरशी ठोक्यानं तडकते. जाड लाकडी फळीला चार बोल्टनं आवळ आणि फळी शेडमधल्या भिंतीला टेकवून पक्की कर. जबड्यांवर ॲल्युमिनियमच्या अँगलचे दोन तुकडे टोपीसारखे बसव, म्हणजे घासून झालेल्या बाजूवर वण उठत नाहीत. दुकानात पट्टी मागताना "दोन सूत" म्हण, इंचाचे आठ सूत, म्हणजे दोन सूत सव्वासहा मिलिमीटरच्या जवळ. मिमीत मागितलंस तर पाच देतात की सहा ते कापून घरी आणल्यावर कळतं. आवाजाची काळजी तुला वाटते ती समजली, पण कानशीचा आवाज भिंतीपलीकडं जात नाही. शेजारी माग चालू असताना तर तुलाही ऐकू येणार नाही.

एक गोष्ट मात्र पॉल करायच्या आधी बघून घे. जुना बिडाचा पॉल मधोमध का तुटला? झिजून तुटलेला नाही तो, मोडलाय. पिन आणि तिचा आधार हातानं हलवून बघ. पिन एका बाजूनं झिजून तिथं ढिलाई आली असेल तर पॉल तिरका बसतो आणि प्रत्येक पिकेला वाकवला जातो. तसं असेल तर ८ मिमीचं भोक पाडायच्या आधी पिन बदल. नव्या पिनीचं माप घे, मग भोक.